वापरलेली आलिशान फोर-बाय-फोर कुटुंबासाठी घेताना: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लहानमोठी सात माणसे, राहते घर गंगापूर रोडला, शेत दिंडोरी तालुक्यात आणि वर्षातून तीन-चार वेळा वणीच्या गडाची फेरी, असा आमचा बेत होता. त्यासाठी वापरलेली, पण नीट सांभाळलेली मोठी गाडी शोधायला निघालो आणि तो शोध आठ महिने चालला. गाडी दारात आल्यापासून नातेवाईक, शेजारी आणि ओळखीचे बागायतदार तेच ते प्रश्न विचारत असल्यामुळे उत्तरे एकदाची लिहून काढली आहेत. गाड्यांच्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या महिन्यागणिक बदलतात.

प्रश्न: एवढ्या मोठ्या गाडीची आम्हाला खरोखर गरज आहे का?

हा प्रश्न घरात बसून, कोणतीही गाडी पाहण्याआधी सोडवावा. त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी, भंडारदरा आणि सापुतारा या सगळ्या ठिकाणी डांबरी रस्ता जातो आणि साधी दोन चाकांवर ओढणारी गाडीही तिथे निमूट पोहोचते. चारही चाकांच्या ओढीची गरज पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये पाणंद रस्त्यावर, ओल्या गवताच्या चढावर किंवा ओहोळ ओलांडताना. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आणि त्यानंतरची काढणी एवढ्यापुरतेच शेतावर जाणे असेल, तर त्या दिवसांत बहुतेक वाट वाळलेली असते आणि फोर-बाय-फोरचा खर्च अंगावर घेण्याचे कारण उरत नाही. मात्र पावसाळ्यातही शिवारात जावे लागत असेल, तर दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निफाड-दिंडोरीची काळी माती ओली झाली की डांबरी रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा दहा पावलांत भरून टाकते, आणि मग चारही चाके फिरत असली तरी गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकते. गाडीइतकाच टायरचा विचार करावा लागतो तो यासाठी.

प्रश्न: फोर-बाय-फोर, ऑल व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज यांत नेमका काय फरक आहे?

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत चाकांना ताकद वाटून देण्याचे काम यंत्रणा स्वतःच करते. पावसातला घाट, ओला रस्ता आणि किरकोळ चिखल यांसाठी ती उत्तम आहे. खऱ्या फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा, असते आणि तिच्यात लो रेंज हा वेगळा, जास्त ओढीचा गिअर मिळतो, त्यामुळे गाडी खडकाळ चढावर माणूस चालेल इतक्या सावकाश चढते आणि उतारावर ब्रेक न तापवता उतरते. डिफेंडर, लँड क्रूझर प्राडो, रँग्लर आणि फोर-बाय-फोर फॉर्च्युनर यांत लो रेंज आहे. डिस्कव्हरी स्पोर्ट आणि इव्होक या लँड रोव्हरच्याच गाड्या असल्या तरी त्यांत ती नाही. जाहिरातीत केवळ ‘फॉर्च्युनर’ किंवा ‘एंडेव्हर’ लिहिलेले असेल, तर गाडी फोर-बाय-टू, म्हणजे दोनच चाकांवर ओढणारी, आहे की फोर-बाय-फोर हे पहिल्याच फोनवर विचारावे. आम्ही ते न विचारता पुण्याला जाऊन आलो आणि एक रविवार वाया घालवला.

प्रश्न: कोणत्या गाड्यांकडे पाहावे?

ज्यांना दुरुस्तीची दगदग नको आहे त्यांनी टोयोटाकडे पाहावे, पण तिथे वापरलेल्या गाडीचा भाव फारसा उतरत नाही, त्यामुळे ‘स्वस्तात मिळाली’ असे म्हणता येत नाही. वापरलेल्या लँड रोव्हर, ऑडी क्यू-सेव्हन, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, मर्सिडीज जीएलएस आणि व्होल्वो एक्ससी-नाइन्टी यांचे भाव नव्याच्या मानाने बरेच खाली येतात. सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावाने मिळतात, आणि ही तफावत बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. लँड रोव्हरच्या तीन लिटर व्ही-सिक्स डिझेल इंजिनात क्रँकशाफ्ट तुटल्याच्या आणि दोन लिटर इंजेनियम डिझेलमध्ये टायमिंग चेन लवकर झिजल्याच्या तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून ही इंजिने असलेली गाडी घेऊच नये असे नव्हे. तिचे ऑइल वेळेवर, किंबहुना कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदलले गेल्याचा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नये.

एंडेव्हर बनवणाऱ्या फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट तर बीएस-६ या धुराच्या नव्या नियमांच्या काळात आलीच नाही. दोन्ही गाड्या दणकट आहेत, पण काच, दिवा किंवा बंपरसारख्या भागाची वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

प्रश्न: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

शाळा, कॉलेज रोड आणि भाजीबाजार एवढीच रोजची धाव असेल, तर डिझेल घेऊ नये. बीएस-६ डिझेल गाड्यांत आणि त्याआधीच्या अनेक महागड्या गाड्यांतही धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जळून जाण्यासाठी इंजिन काही वेळ एकसारख्या वेगाने आणि पुरेसे गरम होऊन चालावे लागते. दर आठवड्याला इगतपुरीपर्यंत हायवेवर एक चक्कर होत असेल तर अडचण येत नाही. तीन-चार किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत मात्र फिल्टर तुंबतो आणि तो बदलण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. डिझेलच घ्यायची ठरली, तर इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची, तपासणी आवर्जून करून घ्यावी. सातपूरला बॉशचा, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजूनही मायकोचाच, कारखाना असल्यामुळे डिझेलच्या नोझलविषयी जाणतेपणाने बोलणारे लोक या गावात सापडतात, त्याचा उपयोग करून घ्यावा.

प्रश्न: चांगली सांभाळलेली गाडी कुठे शोधावी?

नाशिकमध्ये डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक आणि मोठे द्राक्ष निर्यातदार यांच्याकडे अशा गाड्या असतात आणि त्यातल्या अनेक जाहिरात न होताच ओळखीत विकल्या जातात. त्यामुळे गॅरेजमधल्या मिस्त्रीला आणि टायरवाल्याला आधीच सांगून ठेवणे हा शोधाचा सर्वांत चांगला मार्ग आहे. गाडी कोणी कशी वापरली हे त्यांना मालकापेक्षा अधिक ठाऊक असते. मुंबई आणि पुण्यात निवड भरपूर मिळते. मात्र मुंबईत समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ गंजाच्या दृष्टीने नीट पाहावा लागतो.

प्रश्न: दिल्लीची गाडी निम्म्या भावात मिळते. घ्यावी का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या जुन्या गाड्या स्वस्तात बाहेर पडत राहिल्या, त्यामुळे स्वस्ताईचे कारण दरवेळी गाडीतला दोष असते असे नाही. पण हिशेब पूर्ण करावा. तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात नव्याने नोंदणी आणि गाडीच्या वयाप्रमाणे येणारा इथला एकरकमी कर या तिन्ही गोष्टी किमतीत मिळवल्यावर फरक किती उरतो ते पाहावे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या महागड्या पेट्रोल गाडीवर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के असा कर नव्या गाडीला लागतो, तर आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीचा दर २० टक्के आहे.

पुदुच्चेरी किंवा दमणचा नंबर असलेली महागडी गाडी वर्षानुवर्षे नाशिकमध्येच फिरत असेल, तर तिचा इथला कर बहुधा भरलेलाच नसतो. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो, आणि ते राहून गेलेले काम शेवटी खरेदीदाराच्या गळ्यात पडते.

प्रश्न: रनिंग कमी असणे ही जमेची बाजू नाही का?

नेहमीच नाही. नऊ वर्षांत अठरा हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतेक काळ उभी राहिलेली असते. रबरी सील वाळतात, बॅटरी बसते, टायर जागच्या जागी कडक होतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. शिवाय मीटर मागे फिरवण्याचा धंदा अजून बंद झालेला नाही. पॅडलची रबरे, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या आसनाची बाहेरची कड यांची झीज मीटरशी जुळते का ते पाहावे. आधुनिक गाड्यांत अंतराची नोंद मीटरखेरीज इतर संगणकीय भागांतही राहते आणि चांगला स्कॅनर जोडल्यास ती तफावत उघडी पडू शकते.

प्रश्न: सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे नक्की काय पाहायचे?

शिक्के मारलेले पुस्तक पुरेसे नाही. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण इतिहास मालकाच्या संमतीने काढावा आणि तो ओळीने वाचावा. ऑइल दरवर्षी बदलले का, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे ऑइल कधी बदलले, एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदली गेली आहे का आणि दोन नोंदींमध्ये मोठी पोकळी आहे का, हे शोधावे. वॉरंटी संपल्यानंतरची दोन-तीन वर्षे सर्वांत बोलकी असतात. वॉरंटी असेपर्यंत सगळेच मालक सेंटरला जातात, पण स्वतःच्या खिशातून बिल भरायची वेळ आली की सांभाळणारा मालक कोण आणि ढकलणारा कोण हे कळते. चेसिस नंबर हाताशी असताना कंपनीने परत बोलावून बदलायचे ठरवलेले भाग, विशेषतः ताकाता कंपनीच्या सदोष ठरलेल्या एअरबॅग, बदलले गेले आहेत का तेही विचारून घ्यावे.

प्रश्न: प्रत्यक्ष गाडी पाहायला गेल्यावर कुठून सुरुवात करावी?

सकाळी लवकर जावे आणि इंजिन आपण पोहोचेपर्यंत सुरू करू नये असे आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे. एका विक्रेत्याकडे आम्ही सकाळी साडेसहाला पोहोचलो. रात्रभर पडलेल्या दवाने आजूबाजूच्या साऱ्या गाड्या ओल्या होत्या आणि आम्ही पाहणार होतो तिचे बोनेट तेवढे कोरडे होते. हात ठेवला तर ते कोमट लागले. थंड इंजिन सुरू होताना टायमिंग चेनची खडखड किंवा निळा धूर आम्हाला दिसू नये, म्हणून केलेली ती तयारी होती. आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

एअर सस्पेन्शन असलेली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली, गाडी शक्यतो दोनदा पाहावी, एकदा संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही अखेर घेतली त्या गाडीच्या आधीची एक गाडी सर्व बाजूंनी पसंत पडली होती. संध्याकाळी चाकावरच्या कमानीत चारही ठिकाणी चार-चार बोटे जागा होती. सकाळी पुढच्या डाव्या बाजूला दोनच बोटे मावली. रात्रीतून त्या कोपऱ्यातील हवा उतरली होती. रबरी फुगा झिरपू लागला की कॉम्प्रेसर सतत चालतो आणि काही महिन्यांत तोही जातो, म्हणजे एका दोषाची दोन बिले होतात. विक्रेता म्हणाला, ‘साहेब, जमीनच उतरती आहे.’ गाडी दहा फूट पुढे घेतली, तरी दोनच बोटे.

त्यानंतर तळ पाहावा, आणि तो लिफ्टवर चढवूनच पाहावा. सब-फ्रेमवर दगडाचे ओरखडे, वाकलेली संरक्षक पट्टी, डिफरन्शियलच्या (एक्सलवरच्या गिअरच्या डब्याच्या) कडेने ओघळलेले तेल आणि एक्सलच्या रबरी बुटाला पडलेली चीर या चार खुणांवरून गाडी खरोखर डोंगरात किती फिरली ते समजते. थोडे ओरखडे असणे वाईट नाही, पण तळाला नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो का मारला ते विचारावे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. चार टायर चार वेगवेगळ्या बनावटीचे किंवा कमी-जास्त झिजलेले असतील, तर ऑल व्हील ड्राइव्ह यंत्रणेवर कायमचा ताण पडलेला असतो.

पत्र्याचे काम पाहण्यासाठी दाराच्या फटी आणि बोनेटच्या बिजागऱ्यांचे नट तपासावेत. नटावरचा रंग उडालेला असेल तर तो पत्रा कधीतरी उतरवलेला आहे. मुंबई नाक्याच्या गर्दीत वर्षे काढलेल्या गाडीचा एखादा पॅनेल रंगवलेला असणे स्वाभाविक आहे. चेसिसच्या टोकाला वेल्डिंग दिसले, तर मात्र बोलणे तिथेच थांबवावे.

प्रश्न: पुरात बुडालेली गाडी ओळखता येते का?

बहुतेक वेळा येते. सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावेत, कारण वरचा भाग धुतला जातो आणि गुंडाळीतल्या पट्ट्यावर गढूळ रेघ राहून जाते. आसनाखालच्या रुळांचा गंज पाहावा आणि स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावे, तिथे बारीक गाळ हमखास उरतो. मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि गोदाकाठी राहणाऱ्यांना तर हे वेगळे सांगायला नको. अशा गाडीतले विजेचे दोष एकेक करून, दोन-दोन वर्षे निघत राहतात. डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते हे खरे आहे, पण ते एअर सस्पेन्शन उंच केलेले असताना आणि इंजिन सुरू असताना. वाहनतळात रात्रभर बुडून राहण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

प्रश्न: चालवून कुठे पाहावी?

केवळ कॉलनीत फेरी मारून काही कळत नाही. पेठ रस्त्याने सावळ घाट उतरून पुन्हा चढावा, किमान तासभर गाडी चालवावी आणि एसी पूर्ण सुरू ठेवावा. उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, चढावर गिअर बदलताना धक्का बसतो का आणि खड्ड्यातून जाताना खालून टकटक येते का ते ऐकावे. त्यासाठी गाणी बंद ठेवावीत, कारण विक्रेते ती बहुधा सुरूच ठेवतात. लो रेंज असल्यास ती मातीच्या रस्त्यावर एकदा लावून आणि काढून पाहावी. अनेक शहरी मालकांनी ती कधीच वापरलेली नसते आणि न वापरल्यामुळेच ती अडकलेली असते.

प्रश्न: घरातील ज्येष्ठांना आणि मुलांना ही गाडी सोयीची पडते का?

सौदा ठरवण्याआधी आई-वडिलांना एकदा गाडीत चढायला-उतरायला लावावे. आमच्या आईला रँग्लरमध्ये चढताना दोघांचा हात लागला आणि आमचा प्रश्न तिथेच सुटला. एअर सस्पेन्शनच्या गाड्या थांबल्यावर खाली बसतात, त्याचा मोठा उपयोग होतो. तिसऱ्या रांगेत मोठा माणूस तासभर बसवून पाहावा, आणि लहान मूल असल्यास त्याची खुर्ची अडकवण्याच्या आयसोफिक्स कड्या कोणत्या आसनांना आहेत ते तपासावे.

प्रश्न: कागदपत्रांत काय काय तपासावे?

परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव, कितवा मालक, कर, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहावा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ई-चलनाची थकबाकी आरटीओच्या कामाआधी विक्रेत्याकडूनच भरून घ्यावी. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी मुंबईची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर घ्यावी. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, त्यामुळे एमएच १५ या नाशिकच्या नंबरचा आग्रह धरू नये. विक्रेत्याचा फोटो आणि आरसीवरचा माणूस एकच आहे ना हे पाहणे बालिश वाटेल, तरी ते करावेच.

विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, तो त्या मालकाचाच राहतो, म्हणून पहिल्या वर्षाचा हप्ता अपेक्षेपेक्षा मोठा निघतो.

प्रश्न: भाव कसा ठरवावा आणि पैसे कसे द्यावेत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा सरसकट ४० टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांचे भाव उतरले. विक्रेता मात्र आपण गाडी घेतली तेव्हाचे बिल दाखवतो. तुलना आजच्या नव्या गाडीच्या भावाशी करावी. गाडी नोंदणीकृत डीलरकडून घेत असल्यास १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, पूर्ण किमतीवर नाही.

इसार कमीत कमी द्यावा, आणि तपासणीत दोष निघाल्यास तो परत मिळेल असे लिहून घ्यावे. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘अर्धे रोख द्या, भाव कमी करतो’ या बोलण्याला होकार देऊ नये.

प्रश्न: दुरुस्तीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

आम्ही किमतीच्या दहा टक्के वेगळे ठेवले आणि पहिल्याच वर्षी त्यातले निम्म्याहून अधिक संपले. आपल्या गाडीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की मुंबई-पुण्यात, हे आधी पाहावे. भर कसारा घाटात गाडी बंद पडली तर ती वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक कुठून येईल आणि कुठे जाईल, याचे उत्तर खरेदीपूर्वी माहीत असले पाहिजे.

प्रश्न: गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे?

मागच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल तसेच ब्रेकचे तेल बदलावे, म्हणजे पुढच्या नोंदी आपल्या तारखेपासून सुरू होतात. दुसरी किल्ली मिळाली नसेल तर तिचा पाठपुरावा लगेच करावा, कारण ती नव्याने बनवणे बरेच महाग पडते. आणि एका रविवारी अंगणात स्वतः चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. महागड्या गाड्यांच्या चाकांना चोरीपासून बचाव म्हणून एक वेगळ्या खाचेचा नट असतो आणि तो उघडणारा छोटा तुकडा बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा स्टेपनीखाली ठेवलेला असतो. आमच्या गाडीत तो नव्हता. जुन्या मालकाच्या गॅरेजमधल्या खिळ्यामोळ्यांच्या डब्यात तो तीन आठवड्यांनी सापडला.